बारदेशचं मीठ आणि कुडाळची जकात

मर्कंटिलिझम, म्हणजे व्यापारवाद, म्हटलं की आपण थेट युरोपात जातो. निर्यात वाढवा, आयातीवर जकात बसवा, देशात सोनं-चांदी येऊ द्या, असा तो विचार. फ्रान्सचा मंत्री कोल्बेर याने १६६७ साली डच आणि इंग्रजी कापडावरची जकात दुप्पट केली, हे त्याचं ठळक उदाहरण.

मला मात्र त्यानंतर चारच वर्षांनी लिहिलेलं एक पत्र जास्त बोलकं वाटतं, कारण ते आमच्या बारदेशाबद्दल आहे. डिसेंबर १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळचे सुभेदार नरहरी आनंदराव यांना मिठाविषयी लिहिलं. पोर्तुगीज अमलातल्या बारदेशात मीठ स्वस्त, संगमेश्वराकडे महाग. उदमी साहजिकच बारदेशाकडे वळणार आणि आपला व्यापार बुडणार. म्हणून हुकूम असा, की बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवा, म्हणजे ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा महागच पडेल.

याला सरळ व्यापारवाद म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. लंडनचा टॉमस मन, ज्याचं गाजलेलं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १६६४ साली छापलं गेलं, तो अख्ख्या देशाच्या आयात-निर्यातीचा हिशेब मांडतो. कुडाळच्या पत्रात डोळा आहे तो उदम्यांच्या वाटेवर. घाटावरचा बैल काही रिकामा खाली येत नाही. येताना धान्य, जाताना मीठ. मिठाची वाट बदलली की सगळाच बाजार तिकडे सरकतो. सोन्याच्या साठ्यापेक्षा ही चिंता फार जवळची, आणि मला विचाराल तर जास्त शहाणी.

पण एक गोष्ट आपण गोंयकार हे पत्र अभिमानाने वाचताना विसरतो. ती जकात पोर्तुगीजांवर होती हे खरं, तरी मीठ काढणारे हात आमच्याच गावांतले. उन्हात आगरावर राबणाऱ्याचं मीठ खपलं नाही तर नुकसान आधी त्याचं, गव्हर्नरचं मागाहून. कोल्बेरच्या कहाणीतही डच विणकर असाच कुठेतरी बाजूला राहतो.

दोनशे वर्षांनी परत तेच मीठ आडवं आलं. ब्रिटिशांना आपला मिठावरचा कर सांभाळायचा होता, आणि गोव्याचं स्वस्त मीठ हद्दीपलीकडे जाई. १८७८ च्या करारानुसार गोव्यातल्या मीठ-उत्पादनाचा ताबा त्यांनी घेतला आणि मोबदल्यात दरसाल ४ लाख रुपये द्यायचं ठरवलं, ते पोर्तुगीज सरकारला. करार १८९२ साली संपला.