कोबा, कल्हई आणि अमेरिकेतले पूल



यंदा दिवाळीत नात माझ्या खोलीत झोपली होती. पहाटे तिच्या उशीपासून हातभर अंतरावर छताचा गिलावा धपकन पडला. पोर वाचली, पण माझी झोप उडाली ती उडालीच. उजाडल्यावर पाहिले तर स्लॅबची सळई गंजून फुगलेली. त्याच स्लॅबवर बारा वर्षांपूर्वी मी कोबा घालून घेतला होता, पाणी मुरू नये म्हणून!

मुलगा म्हणाला, "नाना, कोबा पोकळ वाजतोय." पितळी फुलपात्राने ठोकून पाहिले. खरेच, अर्ध्या गच्चीवर कोबा आणि स्लॅब यांची फारकत झालेली.

इतिहासाच्या मास्तरला दुसरे काय सुचणार? मी या थराचा इतिहास शोधत बसलो. तो निघाला अमेरिकेतल्या पुलांचा.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळवायला मीठ भरमसाट टाकू लागले. मिठाचे पाणी पुलाच्या स्लॅबमध्ये मुरले आणि सळया गंजल्या. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून वरचे काँक्रीट उचलले जाऊन खपल्या निघतात. (आपल्याकडे बर्फ नाही, पण खारी हवा आहे. गोव्यात मांडवीवरचा १९७० सालचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. तो वरच्या थराने वाचला नसता, पण शत्रू तोच, गंज.)

पूल पाडण्यापेक्षा वर नवा, घट्ट थर द्यावा ही कल्पना तिथून रुजली. मिशिगन राज्यात १९५७ मध्ये काँक्रीटमध्ये रबराच्या चिकासारखे दुधाळ लॅटेक्स मिसळून थर दिला गेला. साठच्या दशकात आयोवा राज्याच्या अभियंत्यांनी वेगळी वाट धरली: पाणी अगदी कमी, सिमेंट भरपूर, जाडी साधारण दोन इंच. खाली सिमेंट-वाळूची स्लरी ब्रशने घासायची आणि वर ओले गोणपाट.

अडचण अशी, की काँक्रीट वाळताना आकसते. दहा मीटरला साधारण अर्धा सेंटिमीटर धरा. जुना स्लॅब कधीच आकसून बसलेला असतो. नवा थर आकसू पाहतो, जुना त्याला हलू देत नाही. मग एक तर नव्याला चिरा पडतात, नाही तर तो कडेने उचलला जातो. नव्या सुनेची आणि जुन्या घराची गोष्टच म्हणा ना! (सूनबाई वाचते आहे, असो.)

म्हणून सारे लक्ष सांध्यावर. जुना पृष्ठभाग खरवडायचा. पण जड हातोडा यंत्राने ठोकला तर जुन्याच काँक्रीटला बारीक तडे जातात आणि सांधा तिथेच सुटतो. पुढे त्यासाठी प्रचंड दाबाच्या पाण्याचे फवारे आले. स्लॅब आतून ओला हवा, पण वर पाणी साचलेले नको. आणि स्लरी वाळली, तर चिकटवायचे सोडून तीच थर वेगळा करते.

हे वाचले आणि आमच्या सोनगीरचे तांबट आठवले. भांडे तापवून नवसागराने लख्ख केल्याशिवाय कथील धरत नाही, हे लहानपणी भट्टीजवळ बसून रोज पाहिलेले. डोळ्यांदेखत धडा होता, पण डोक्यात शिरला नव्हता.

कारण माझा कोबा घातला गेला मे महिन्यात, भर दुपारी, लू वाहत असताना. गवंडी बिचारा म्हणाला होता, "सर, आधी शेवाळ खरवडू, रात्रभर पाणी मुरू देऊ, संध्याकाळी माल टाकू." मला दुसऱ्या दिवशी लग्नाला नंदुरबारला जायचे होते. मीच म्हणालो, उगाच दिवस वाढवू नका. स्लरी ओतली ती माल येईपर्यंत कोरडी ठक्क झाली. पाणी मारायला मी तीन दिवसांनी परत आलो. चिरा तेव्हाच दिसल्या होत्या. त्यांत सिमेंट भरून मी गप्प बसलो.

सूनबाईला हे आजच कळते आहे. आता कोबा काढून आधी सळया तपासायच्या आहेत, त्यासाठी धुळ्याहून एक अभियंता येणार आहे. नातीची खाट मात्र मधल्या घरात हलवली. जुन्या गवंड्यालाही निरोप पाठवला आहे, तो अजून "बघू" म्हणतोय.