अवजड घरसामान आणि शिरवळची वाट

नीरा नदीच्या दक्षिण तीरावरील शिरवळ हे सातारा जिल्ह्याच्या उत्तर वेशीवरचे गाव असून, जवळच्या डोंगरातील बौद्ध लेणी, नदीकाठचा सुभानमंगळ हा भुईकोट आणि वाटसरूंसाठी उभारलेली दगडी पाणपोई यांवरून तेथून जाणारा मार्ग किती जुना आहे, हे ध्यानी येते. मार्ग जुना असला, तरी त्यावरून काय नेता येत होते, हा प्रश्न वेगळा. कारण पुढे खंडाळ्यापलीकडे खंबाटकीचा घाट आडवा येतो आणि गाडीवाट, म्हणजे चाकाचे वाहन चालू शकेल असा रस्ता, घाटांतून होण्यापूर्वी मालाची सारी भिस्त वंजारी आणि लमाण तांड्यांच्या बैलांवर होती.

बैलाच्या पाठीवर गोणी घालीत, म्हणजे दोन्ही अंगांना सारखे वजन लोंबेल अशी जोडपिशवी. धान्य, मीठ, कापड यांना ती सोयीची. मात्र ज्या वस्तूचे दोन समान भाग होत नाहीत, तिला या व्यवस्थेत जागा नव्हती. भांडी एकात एक बसवून नेता येत, पलंग सुटा करता येई, परंतु मोठी लाकडी पेटी किंवा उभे कपाट यांचा प्रवास दुष्करच. घाटमाथ्यावरील जुन्या घरांत जड लाकूडकाम बहुधा जागेवरच सुताराकडून घडवून घेतले जाई आणि कुटुंब हलले तरी ते मागे राही, असे मानणे म्हणूनच युक्त ठरते. घर हलवणे म्हणजे तेव्हा मुख्यतः माणसे, भांडी, वस्त्रे आणि दप्तरे हलवणे होते.

साताऱ्यात तर घाट उतरल्यावरही चढ संपत नसे. 1708 मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाल्यानंतर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढत गेलेल्या या शहराचे रस्ते छत्रपती प्रतापसिंह यांच्या कारकिर्दीत (1818 ते 1839) पुष्कळ सुधारले, तरी किल्ल्याच्या उतारावरील माची पेठेसारख्या वस्तीत शेवटचा टप्पा हमालाच्या डोक्यावरील चुंबळीवर, म्हणजे ओझ्याखाली ठेवायच्या कापडी वेटोळ्यावर, किंवा बांबूला दोरखंडाने ओझे टांगून ते खांद्यावर घेणाऱ्या गड्यांवर अवलंबून राहिला. वळणावर लांब वस्तू आधी उभी करावी की तिरपी घ्यावी, हे ठरवणारा अनुभवी गडी चार बळकट माणसांइतका मोलाचा, असे म्हणावयास हरकत नाही.

या वाटेला वेगळे वळण मिळाले ते महाबळेश्वरामुळे. 1829 च्या करारान्वये ते ठिकाण इंग्रजांनी प्रतापसिंहांकडून घेतले आणि मोबदल्यात खंडाळा गाव दिले. म्हणजे याच मार्गावरील एक मुक्काम थंड हवेच्या ठिकाणासाठी मोजला गेला, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. उन्हाळ्यात गव्हर्नर आणि त्यांचे दप्तर वर जाऊ लागले, बंगल्यांना मेजे, खुर्च्या, कपाटे लागू लागली आणि ती गोणीत मावण्याजोगी नव्हती. 1863 मध्ये मुंबई-पुणे लोहमार्ग भोर घाटातून पूर्ण झाल्यावर पुण्यापर्यंत आगगाडीने आलेले असे सामान कात्रज, शिरवळ, खंबाटकी, सुरूर, वाई आणि पसरणीचा घाट या क्रमाने बैलगाडीतून वर नेता येई. चढावर जादा बैलजोडी आणि उतारावर चाके रोखण्याची तजवीज, या दोहोंवर गाडीवानाची कसोटी लागे.

शिरवळचे हे महत्त्व फार काळ टिकले नाही. 1880 च्या दशकात पुण्याहून दक्षिणेकडे लोहमार्ग गेला तो जेजुरी, नीरा, लोणंद असा पूर्वेकडून, आणि महाबळेश्वरचे सामान वाठार स्थानकावर उतरू लागले. मोटारलॉरी आल्यावर वाहतूक पुन्हा शिरवळवरून वळली. पण पुढे खंबाटकीत पहिला बोगदा खुला झाला, तो साताऱ्याहून पुण्याकडे येणाऱ्या वाहनांसाठी, आणि साताऱ्याकडे सामान घेऊन निघालेल्या भरल्या ट्रकच्या वाट्याला जुना चढच राहिला.