सेवाग्रामची बापू कुटी : एक मातीचे घर



पंढरीच्या वाटेवर आपण किती घरांत उतरतो! कुणाच्या ओसरीवर पथारी पडते, कुणाच्या अंगणात भाजी-भाकरी मिळते. पहाटे दिंडी निघते तेव्हा त्या घराच्या भिंती दगडाच्या होत्या की मातीच्या, हे आपल्या ध्यानात राहत नाही. त्या घराने आपल्याला जागा दिली, एवढेच राहते. घर पारखण्याची वारकऱ्याची ही जुनी रीत आहे. तीच मनात धरून आज एका जपून ठेवलेल्या घराकडे पाहू या.

हे घर वर्धा शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर, सेवाग्रामात आहे. गावाचे मूळ नाव सेगाव. महात्मा गांधी 30 एप्रिल 1936 रोजी तिथे राहायला आले, तेव्हा गावाला धड रस्ता नव्हता. हिवताप इतका की त्याच वर्षी गांधीजींनाही त्याने गाठले. त्यांची पत्रे वारंवार गजानन महाराजांच्या शेगावाकडे जात. नावांचा हा घोटाळा टाळण्यासाठी 1940 साली सेगावचे 'सेवाग्राम' झाले. टपालाची सोय पाहता पाहता गावाला त्याच्या कामाचे नाव मिळाले!

गावातली बरीच जमीन शेठ जमनालाल बजाज यांची होती. वर्ध्याचे आपले लक्ष्मीनारायण मंदिर 1928 सालीच अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले करणारे ते हेच जमनालालजी. त्यांना गांधीजींनी सांगून ठेवले होते : माझ्यासाठी जी झोपडी बांधाल तिचा खर्च शंभर रुपयांवर जाऊ नये, सामान जवळपासचेच घ्यावे आणि हात गावातल्या माणसांचे असावेत. पहिले घर उभे राहिले ते 'आदि निवास'. त्यात सगळे एकत्र राहत. आज 'बापू कुटी' म्हणून आपण ज्या घरापुढे हात जोडतो, ते मुळात मीराबहेन यांच्यासाठी बांधलेले. इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची ही लेक सेगावात बापूंच्याही आधी येऊन राहिली होती. पुढे गांधीजी त्या घरात राहू लागले.

कुटीची बांधणी विदर्भातल्या साध्या शेतकऱ्याच्या घराची आहे. लाकडी खांब, बांबू, मातीच्या भिंती, वर कौले (तिकडे त्यांना कवेलू म्हणतात), खाली मातीची जमीन. छप्पर बाहेर उतरत आलेले, म्हणून वैशाखातले ऊन आणि आषाढातला पाऊस दोन्ही भिंतीपासून दूर राहतात. भिंतीवर मीराबहेन यांनी मातीच्याच उठावात ताडाची झाडे, चरखा आणि ॐकार काढला. याहून वेगळी सजावट नाही. साप निघाला तर मारायचा नाही, म्हणून त्याला अलगद धरायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा ठेवलेला असे. धरलेला साप दूर नेऊन सोडून देत.

आता घराची विभागणी पाहा. 1978 साली इव्हान इलिच नावाचे परदेशी विचारवंत या कुटीत बसले आणि त्यांनी तिथल्या जागा मोजल्या. त्या सात भरल्या. पादत्राणे काढून मन शांत करण्याची जागा, सगळ्यांनी बसण्याची मधली खोली, बापूंची बसण्याची जागा, पाहुण्याची खोली, आजाऱ्याची खोली, ओसरी आणि न्हाणीघर. एवढ्याशा मातीच्या घरात दोन खोल्या अशा, ज्या घरधन्याच्या नव्हेतच! याच परिसरात 1942 च्या जुलैत काँग्रेसच्या कार्यकारिणीने इंग्रजांनी देश सोडावा असा ठराव केला. पण त्या मोठ्या चर्चांच्या दिवसांतही आजाऱ्याची जागा कमी झाली नाही.

हे नुसते बोलणे नव्हते, याची खूण शेजारीच आहे : परचुरे कुटी. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे पंडित. गांधीजींची आणि त्यांची ओळख येरवड्याच्या तुरुंगातली. त्यांना महारोग झाला होता. त्या काळी या रोगाचे नाव काढताच दारे बंद होत. शास्त्रीबुवा 1939 साली सेवाग्रामात आले. त्यांना परत पाठवले नाही. बापूंच्या कुटीजवळच त्यांच्यासाठी झोपडी उभी राहिली आणि बापू स्वतः त्यांच्या अंगाला तेल लावून चोळत. गोदावरीच्या तापल्या वाळूतून टाकलेले पोर उचलून कडेवर घेणारे नाथमहाराज आपण कीर्तनात ऐकतो. ती कथा ऐकताना मान डोलते. शेजारी झोपडी बांधायची वेळ आली की मात्र परीक्षा होते.

तुकोबांचे अभंग आश्रमाच्या भजनावलीत आहेत. काही अभंगांचे इंग्रजी भाषांतर गांधीजींनी 1930 साली येरवड्यात केले होते. पुढे 'ग्रामगीता' लिहिणारे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज 1936 मध्ये सुमारे महिनाभर इथे राहिले. तेव्हा या मातीला आपल्या परंपरेचा वास आहे, असे म्हटले तर ते वावगे नाही.

ऑगस्ट 1946 मध्ये गांधीजी सेवाग्रामातून बाहेर पडले. पुन्हा येण्याचे मनात होते, पण 30 जानेवारी 1948 ने ते राहून गेले. घर मात्र उभे आहे. मातीचे घर कसे टिकते, हे तुमच्यापैकी अनेकांना घरचे ठाऊक असेल. पावसाळ्याआधी कौले चाळावी लागतात, पोपडे बुजवावे लागतात, वाळवी पाहावी लागते, जमीन सारवावी लागते. एक वर्ष हात थांबले की भिंत खचू लागते. नुसती पाटी लावून असे घर राखता येत नाही. वारी जशी दरसाल पायांनी चालावी लागते, तसे हे घर दरसाल हातांनी राखावे लागते.

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांनी मातीचे जुने घर पाडून पक्के घर बांधले. त्यात दोष नाही. गळणाऱ्या छपराखाली राहण्याचे कष्ट ज्याने सोसले त्यालाच ते कळतात. पण घराबरोबर ओसरी गेली का? आलेल्याने कुठे टेकावे, म्हाताऱ्या आजारी माणसाची खाट कुठे पडावी, याला नव्या नकाशात जागा राहिली का? खोल्या वाढल्या आणि आईची खाट जिन्याखाली गेली, असे तर झाले नाही ना?

आज संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर आपल्या घरातल्या जागा मोजून पाहा. त्यात आपल्यासाठी नसलेली एक तरी जागा सापडली, तर समजा की पंढरीनाथाला उतरायला तुमच्या घरात ठिकाण आहे. नसेल सापडली, तर ती काढायला शंभर रुपयेही लागत नाहीत.

राम कृष्ण हरी.