हरणाऱ्या संघाचा धनी

खेळांच्या इतिहासांत खेळाडूंचीं नांवें राहतात, कर्णधारांचीं राहतात, क्वचित् एखाद्या पंचाचेंहि राहतें; पण ज्याच्या पैशावर हा सारा संसार चालतो त्या धन्याची आठवण बहुधा शिव्याशापांच्या रूपानेंच उरते. गिरणीचा मालक किंवा घोड्याचा मालक असें म्हणतांना आपली जीभ अडखळत नाहीं; परंतु नऊ जिवंत माणसांच्या चपळाईचा मालक म्हणजे काय, हें सांगूं गेल्यास अडचण पडते. मग चांगला धनी कोणास म्हणावें? खेळ समजणारास, खर्च करणारास, कीं जिंकून दाखविणारास? या प्रश्नाचा विचार करूं लागलों म्हणजे माझ्या मनापुढें १९३४ च्या नोव्हेंबर महिन्यांतलें टोकियो शहर उभें राहतें. बेसबॉलच्या खेळांतील दोन अगदीं भिन्न जातीचे धनी त्या महिन्यांत तेथें समोरासमोर आले होते.

त्यांपैकीं एक अमेरिकन संघाबरोबर आलेले कोनी मॅक. त्यांचें वय त्या वेळीं एकाहत्तर होतें. तरुणपणीं ते स्वतः खेळाडू होते आणि १९०१ पासून फिलाडेल्फियाच्या 'ॲथलेटिक्स' संघाचे व्यवस्थापक व भागीदार, अशीं दोन्ही नातीं त्यांच्याकडे होतीं. उंच, शिडशिडीत देह. खेळाडूंचा गणवेश न घालतां साधा कोट व कडक कॉलर. हातांतील गुणपत्रिका हालवून ते आपल्या गड्यांस इकडे तिकडे सरकवीत. १९१०, १९११, १९१३, १९२९ व १९३० अशीं पांच वर्षें अमेरिकेचें अजिंक्यपद त्यांच्या संघानें मिळविलें होतें. दुसरे गृहस्थ मात्सुतारो शोरिकी, वय एकूणपन्नास, हे टोकियोंतील 'योमिउरी' या वर्तमानपत्राचे मालक. त्यांचा नाद जूडोचा. बेसबॉलशीं त्यांचा संबंध आला तो पत्राचा खप वाढविण्याच्या निमित्तानें. परीक्षा घ्यावयाची झाली तर पहिल्यास पैकीच्या पैकी गुण देऊन दुसऱ्यास नापास करावें लागेल. इतिहासाचा निकाल मात्र इतका सरळ लागला नाहीं.

जपानांत हा खेळ कांहीं शोरिकींनीं आणलेला नव्हे. १८७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत होरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकानें टोकियोंतील आपल्या विद्यार्थ्यांस तो शिकविला. आपल्याकडे साहेबाचें क्रिकेट जिमखान्यांतून आलें, तेथें बेसबॉल शाळेंतून आला. आणि हा फरक लहान नाहीं. योकोहामा बंदरांतील परदेशी लोकांचा एक क्लब होता. टोकियोच्या पहिल्या उच्च विद्यालयाच्या मुलांशीं खेळणें त्याला बरींच वर्षें कमीपणाचें वाटे. अखेर २३ मे १८९६ रोजीं सामना झाला आणि मुलांनीं क्लबाचा २९ विरुद्ध ४ असा फडशा पाडला. परराष्ट्रांनीं लादलेले विषम तह जपानच्या मानेवरून अजून पुरते उतरले नव्हते, अशा वेळचा हा विजय. त्याचें वृत्त देशभर कोणत्या आनंदानें वाचलें गेलें असेल, तें आपणांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. पुढें १९०५ सालीं वासेदा विद्यापीठाचा संघ अमेरिकेस जाऊन आला. या साऱ्या व्यवहारांत धनी असा कोणी नव्हताच. संघ विद्यालयाचा, अभिमान देशाचा आणि खेळणारे बिनपगारी.

तेथें शोरिकी शिरले. त्यांचें पूर्वायुष्य पोलिसांत गेलें होतें, आणि तें निर्मळ म्हणतां येणार नाहीं. १९२३ च्या सप्टेंबरांतील भूकंपानंतर कोरियन लोकांविषयीं खोट्या अफवा उठून त्यांची जी कत्तल झाली, त्या वेळीं ते राजधानीच्या पोलीस खात्यांत मोठ्या हुद्द्यावर होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत युवराजांवर गोळी झाडली गेली. युवराज बचावले, पण बंदोबस्ताच्या जबाबदारीपायीं शोरिकींची नोकरी गेली. गोटो शिंपेई या मुत्सद्द्यानें कर्ज काढून दिलेल्या पैशावर त्यांनीं १९२४ सालीं 'योमिउरी' विकत घेतलें. पत्र तेव्हां मोडकळीस आलेलें होतें. शोरिकींनीं रेडिओच्या कार्यक्रमांस स्वतंत्र पान दिलें आणि लोक ज्यासाठीं रस्त्यांत थांबतील अशी प्रत्येक गोष्ट पत्राच्या दारांत आणून उभी केली. १९३१ सालीं त्यांनीं अमेरिकन धंदेवाईक खेळाडूंचा एक संघ बोलाविला. त्यांत ल्यू गेरिग होता. पण ज्याच्यासाठीं सारा खटाटोप, तो बेब रुथ कांहीं आला नाहीं.

दुसऱ्याच वर्षीं एक अडचण उभी राहिली. विद्यार्थ्यांच्या खेळांत पैसा शिरूं लागला म्हणून शिक्षण खात्यानें १९३२ सालीं नियम केला कीं, शाळा-कॉलेजांच्या संघांनीं धंदेवाईक संघांशीं खेळूं नये. म्हणजे अमेरिकन आले तरी त्यांच्याशीं खेळणार कोण? एखादा व्यापारी येथें हात झाडून मोकळा झाला असता. शोरिकींनीं उलट केलें. शाळा-कॉलेजें सोडलेल्या व सोडावयास तयार असलेल्या खेळाडूंचा नवाच संघ जमविला. रुथला वळविण्याकरितां सोतारो सुझुकी हे न्यूयॉर्कला गेले. रुथ न्हाव्याच्या दुकानांत बसला असतां, त्याच्याच चेहऱ्याचें मोठें रंगीत भित्तिपत्रक सुझुकींनीं त्याच्यापुढें उलगडलें आणि तेवढ्यानें तो राजी झाला, असें सांगतात. नोव्हेंबरच्या आरंभीं अमेरिकनांचें जहाज योकोहामास लागलें. टोकियोच्या गिंझा रस्त्यावर इतकी गर्दी लोटली कीं मोटारींना वाट मिळेना. (याच संघांतील मो बर्ग नांवाच्या बहुभाषी गड्यानें एका इस्पितळाच्या गच्चीवरून शहराचें गुपचूप चित्रण करून नेलें, पण ती कथा निराळी.)

सामने सुरू झाले आणि जपानी संघ हरत गेला. नुसता हरला नाहीं, वारंवार दहा-दहा धांवांच्या फरकानें हरला. एकट्या रुथनें त्या दौऱ्यांत तेरा वेळां चेंडू कुंपणापार टोलविला. अशांत २० नोव्हेंबरला शिझुओका गांवच्या कुसानागी मैदानावर चेंडू फेकण्यासाठीं एइजी सावामुरा उभा राहिला. वय सतरा, क्योटोच्या व्यापारी शाळेंतील शिक्षण अर्धवट सोडून आलेला मुलगा. क्रिकेट जाणणाऱ्या वाचकांसाठीं सांगावयाचें तर, बेसबॉलांत चेंडू टप्पा न पाडतां फेकतात आणि तीन वेळां हुकलेला फलंदाज बाद होतो. सावामुरानें गेरिंजर, रुथ, गेरिग आणि फॉक्स या चौघांस एकामागून एक असें तीन तीन वेळां हुकवून परत धाडलें. त्या काळीं याहून भारी चार नांवें सबंध अमेरिकेंत शोधूनहि मिळालीं नसतीं! सहा डाव अमेरिकनांस एकहि धांव मिळाली नाहीं. सातव्यांत गेरिगचा एक टोला बाहेर गेला, आणि जपान १-० असा हरला.

सबंध दौऱ्यांत जपानी संघाच्या पदरीं एकहि विजय पडला नाहीं. आणि येथेंच, माझ्या मतें, शोरिकींमधला धनी दिसूं लागतो. आपल्या आखाड्यांतील चांगला वस्ताद पठ्ठ्याची जोड लावतांना, हा जिंकेल कीं नाहीं एवढेंच पाहत नाहीं; हरला तरी याच्या अंगाला आज काय लागेल, तें पाहतो. हौशी धन्यास हें जमत नाहीं, कारण गड्याची हार त्याला स्वतःचा अपमान वाटते. तो बेताची जोड शोधतो आणि नगारे वाजवितो. शोरिकींनीं जगांतली सर्वांत वरचढ जोड स्वखर्चानें घरीं आणली, भरल्या मैदानांत आपल्या पोरांस तिच्यापुढें उभें केलें, आणि पराभवाची रास पुरी झाल्यावर, २६ डिसेंबर १९३४ रोजीं, त्याच संघाचा कायमचा पगारी क्लब स्थापन केला. दोन महिने उलटतात न उलटतात तों तो अमेरिकेस रवाना झाला, आणि तेथें लहानमोठ्या संघांशीं त्यानें शंभरांवर सामने खेळले. 'टोकियो जायंट्स' हें नांव त्याला त्याच प्रवासांत मिळालें. १९३६ सालीं सात संघांची धंदेवाईक संघटना उभी राहिली, तिचें मूळ हें.

त्याची किंमतहि शोरिकींस द्यावी लागली. १९३५ च्या फेब्रुवारींत त्यांच्या कचेरीच्या दारांतच एका कडव्या राष्ट्रवाद्यानें त्यांच्या मानेवर तरवारीचा वार केला. मेइजी बादशहांच्या स्मारकाच्या आवारांतील मैदानावर परकीयांस खेळूं दिलें, हा जे अपराध त्यांच्या माथीं मारले गेले त्यांपैकीं एक होता. ते थोडक्यांत वांचले.

आतां मॅककडे वळूं. त्यांनीं दोन वेळां अमेरिकेंतील सर्वोत्तम संघ घडविला आणि दोन्ही वेळां स्वतःच्या हातांनीं मोडला. १९१४ नंतर खेळाडू गेले, कांहीं विकले गेले, आणि १९१६ सालीं त्याच संघानें ११७ सामने हरून ३६ जिंकले. १९२९ च्या मंदीनंतर तोच प्रकार: सिमन्स विकला, ग्रोव्ह विकला, आणि टोकियोंत त्यांच्याच देखरेखीखालीं खेळलेला फॉक्सहि १९३५ च्या डिसेंबरांत विकला. मॅक लोभी नव्हते. त्यांना तिकिटांच्या पैशाखेरीज दुसरें उत्पन्न नव्हतें, एवढाच त्यांचा दोष. खेळावरच पोट असलेल्या धन्याला वाईट दिवस आले कीं विकण्याजोगें एकच असतें, तें म्हणजे गडी. शोरिकींचें पोट वर्तमानपत्रावर होतें, म्हणून त्यांना हार सोसतां आली. तेव्हां ज्ञान आणि माया मॅककडे, पैसा आणि धीर शोरिकींकडे, अशी ही वांटणी आहे. ती मला आवडत नाहीं, पण नाकारतां येत नाहीं.

आपल्याकडे त्या काळीं धन्याची जागा संस्थानिकांकडे असे. १९३२ च्या इंग्लंडच्या दौऱ्यावर कर्णधार म्हणून गेलेले पोरबंदरचे महाराज लॉर्ड्सवरील कसोटी सामन्याच्या वेळीं स्वतः बाजूस झाले आणि सी. के. नायडूंस त्यांनीं पुढें केलें. चारच वर्षांनीं विजयानगरमच्या महाराजकुमारांनीं तिन्ही कसोट्यांचें नेतृत्व आपल्याकडेच ठेविलें आणि अमरनाथ यांची दौऱ्याच्या मध्येंच घरीं रवानगी झाली. पहिल्या गृहस्थांच्या बॅटीनें धांवा जवळजवळ काढल्याच नाहींत. परंतु मी त्यांना चांगल्या धन्यांत बसवितों.

बाहेरच्या पैशाबरोबर बाहेरचे हेतूहि येतात, हें मात्र शोरिकींच्या बाबतींत विसरतां येत नाहीं. त्यांचें पत्र युद्धाच्या बाजूनें उभें राहिलें. युद्धानंतर संशयित युद्धगुन्हेगार म्हणून ते १९४५ ते १९४७ पर्यंत तुरुंगांत होते. खटला न चालतां सुटले. पुढें धंदेवाईक बेसबॉलचे पहिले आयुक्त तेच झाले. जपानी संघानें अमेरिकनांस गांठावें आणि मागें टाकावें, हें त्यांनीं आपल्या क्लबास घालून दिलेलें ध्येय होतें. ते १९६९ सालीं वारले. राष्ट्राराष्ट्रांची 'वर्ल्ड बेसबॉल क्लासिक' ही स्पर्धा २००६ सालीं सुरू झाली. पहिल्याच वर्षीं ती जपाननें जिंकली, २००९ सालीं पुन्हां जिंकली, आणि २०२३ सालीं मायामी येथें अंतिम सामन्यांत खुद्द अमेरिकेस ३-२ असें हरवून तिसऱ्यांदां जिंकली.

सावामुराला यांतलें कांहीं पाहावयास मिळालें नाहीं. सैन्यांत त्याला तीन वेळां बोलावणें आलें. हातबाँब फेकून फेकून त्याचा खांदा निकामी झाला, आणि चेंडूंत पूर्वींचा जोर राहिला नाहीं तेव्हां १९४४ सालीं जायंट्सनीं त्याला कमी केलें. ज्याच्यासाठीं शाळा सोडली त्या संघानेंच! मॅकनीं आपले गडी विकले. येथें विकण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें. त्याच वर्षाच्या २ डिसेंबरला त्याला घेऊन जाणारें लष्करी जहाज पाणबुडीनें बुडविलें. वय सत्तावीस. १९४७ सालीं क्लबानें त्याचा १४ हा अंक कायमचा बाजूस ठेवला. जायंट्सच्या पाठीवर तो पुन्हां कोणाला दिला गेला नाहीं. कुसानागीच्या मैदानाबाहेर पुढें दोन पुतळे उभारले गेले. एक चेंडू फेकणाऱ्या सावामुराचा आणि एक बॅट उगारलेल्या रुथचा.