निर्दोष घोड्याची हमी

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात घोड्याची खरेदी जितकी नित्याची, तितकीच कज्जाला आमंत्रण देणारी असे. कारण विक्रेत्याने निर्दोषतेची हमी द्यावी, खरीददाराने दाम मोजावेत आणि पुढे घोडा लंगडू लागला, की हमी मोडली किंवा नाही, याचा निवाडा न्यायालयाकडेच जाई. १७९८ मध्ये ‘गार्मेंट विरुद्ध बार्स’ या खटल्यात न्यायमूर्ती आयर यांनी सत्वर बऱ्या होणाऱ्या तात्पुरत्या दुखापतीने घोडा सदोष ठरत नाही, असा निर्वाळा दिला. परंतु १८१५ मध्ये ‘एल्टन विरुद्ध ब्रॉग्डेन’ या खटल्यात लॉर्ड एलेनबरो यांनी नेमके उलट मत मांडले, की विक्रीच्या वेळी चालू कामास बाधक असे व्यंग असेल, तर ते कायमचे नसले तरी हमी मोडतेच. १८४२ मध्ये, बैलांच्या एका सौद्यावरील तकरारीत, न्यायमूर्ती पार्क यांनी हे दुसरे मत दृढ केले.

१७९१ मध्ये लंडनला पशुवैद्यकाचे विद्यालय स्थापन झाले होते. तेथून निघालेल्या वैद्यांकडून आता ‘निर्दोष’ किंवा ‘सदोष’ एवढ्याच उत्तराची अपेक्षा होऊ लागली. वास्तविक परीक्षा इतकी सरळ नव्हती. दुडक्या चालीत पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा डोके वर उचलतो, मागचा दुखत असल्यास त्या बाजूचा पुठ्ठा अधिक वरखाली होतो. पण निरोगी पायाच्या नालाखाली खडा दडवून दोन्ही पाय सारखेच दुखते करणाऱ्या दलालापुढे ही विषमता लोपून जाई. उलट, सांधा मिनिटभर दुमडून धरल्यावर पहिली काही पावले अडखळणे हे धडधाकट घोड्यातही आढळते. अर्थात, लक्षण दिसले म्हणजे रोग ठरला नाही, आणि न दिसले म्हणजे निरोगीपण सिद्ध झाले नाही.

म्हणूनच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश पशुवैद्यांनी सरसकट निर्दोषतेचा दाखला देणे सोडले, आणि आढळलेली व्यंगे नोंदवून, खरीददाराने सांगितलेल्या कामास ती बाधक ठरण्याचा संभव कितपत, एवढाच अभिप्राय देण्याचा प्रघात स्वीकारला. उडीच्या शर्यतीला नाकारलेला घोडा मुलाच्या संथ रपेटीस योग्य ठरू शकतो; तेव्हा खरीददाराने वैद्याला विचारण्यापूर्वी त्याला आपले काम नेमके सांगणे, हाच या परीक्षेचा आरंभ होय.