अनेक यंत्रांचा एक दुभाषी

प्रत्येक जातीच्या प्रोसेसरची आज्ञावली निराळी असते. 'सी' भाषेंतील मजकूर त्या आज्ञांत उतरविणारा दुभाषी म्हणजे कंपायलर. १९८४ सालीं ग्नू प्रकल्प हातीं घेतांना अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांस असा दुभाषी हवा होता, कीं जो कोणासही वांटतां व बदलतां यावा. लिव्हरमोर प्रयोगशाळेंतील 'पेस्टल' कंपायलर त्यांनीं हाताळून पाहिला. पण त्याला स्टॅकसाठीं कित्येक मेगाबाइट स्मृति लागे, आणि ६८००० प्रोसेसरच्या युनिक्स यंत्रावर मिळे अवघी ६४ किलोबाइट! तेव्हां त्यांनीं नवाच कंपायलर लिहिला. १९८७ सालीं प्रसिद्ध झालेला 'जीसीसी' तो हाच.

खरी मौज त्याच्या रचनेंत आहे. मूळ मजकूर आधीं एका मधल्या रूपांत येतो. प्रोसेसरचें वर्णन स्वतंत्र फाइलींत असतें. नवा प्रोसेसर निघाला, तर मुख्यतः तेवढें वर्णन नव्यानें लिहावयाचें. त्या प्रोसेसरसाठीं बांधलेल्या जीसीसीला उणें-चिन्ह, मोठें 'एस' आणि फाइलीचें नांव दिलें कीं असेंब्ली हातीं येते. इंटेलची व एआरएमची असेंब्ली शेजारीं ठेवून अवश्य वाचावी. इंटेल स्मृतींतील अंकांत थेट बेरीज करूं शकतो. एआरएमला मात्र तो अंक आधीं रजिस्टरांत आणावा लागतो.