कॉम्पॅक्ट कॅमेरा घेताना काय पाहावे?

ताडोबाच्या गाभा क्षेत्रात सफारीला मोबाइल नेण्यास बंदी आहे. त्यामुळे नागपूरहून जाणाऱ्या पर्यटकांना खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा आजही उपयोगी पडतो.

झूम: ऑप्टिकल झूमचाच आकडा पाहावा. डिजिटल झूम चित्र कापून मोठे करतो. तपशील वाढत नाही.

सेन्सर: मेगापिक्सेलपेक्षा सेन्सरचा आकार महत्त्वाचा. १ इंची सेन्सरचे क्षेत्रफळ १/२.३ इंचीच्या सुमारे ४ पट असते. त्यामुळे पहाटेच्या अंधुक उजेडात फोटो अधिक स्वच्छ येतो. मात्र मोठा सेन्सर आणि लांब झूम खिशात मावणाऱ्या आकारात एकत्र क्वचितच मिळतात.

तापमान: बहुतेक कंपन्या वापरासाठी ० ते ४० अंश सेल्सिअसची मर्यादा देतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा कॅमेरा बंद गाडीत ठेवू नये.